सातचा आकडा दिसला की सावध!

सिस्कोच्या राउटरवर ‘शो रनिंग-कॉन्फिग’ ही कमांड दिली की वापरकर्त्यांच्या ओळी दिसतात. नाव, मग ‘पासवर्ड’, एक आकडा आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ. सगळी मेख त्या आकड्यात आहे.

० असेल तर पासवर्ड उघडाच. ७ दिसला की अनेक जण निश्चिंत होतात, आणि तीच मोठी चूक. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ ही कमांड पासवर्डचं प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या किल्लीशी मिसळते. ही किल्ली सगळ्या यंत्रांत एकच आहे आणि १९९५ पासून जगजाहीर आहे. उलटं गणित केलं की मूळ पासवर्ड क्षणात हाती येतो. खांद्यावरून डोकावणाऱ्याला तो वाचता येऊ नये, एवढाच याचा उपयोग. अशी कॉन्फिग फाइल ईमेलने पाठवणं म्हणजे पासवर्डच पाठवणं.

म्हणून ‘पासवर्ड’ऐवजी ‘सीक्रेट’ लिहावं. मग पासवर्डचा फक्त हॅश साठतो. त्यातून मूळ पासवर्ड काढता येत नाही, अंदाज करत बसावं लागतं. यातला ५ हा प्रकार जुन्या एमडी५ वर चालतो. तो आता पुरेसा नाही. प्रकार ८ मध्ये एसएचए-२५६ ची प्रक्रिया २०,००० वेळा होते, त्यामुळे प्रत्येक अंदाज महागात पडतो. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने २०२२ मध्ये हाच प्रकार सुचवला.

तुमच्याकडे राउटर असेल तर आजच तो आकडा तपासा. बदल केल्यावर ‘राइट मेमरी’ द्यायला विसरू नका; नाहीतर वीज जाऊन आली की जुनाच पासवर्ड परत येतो.