दूरदेशांची जुनी नावे : विलायत, रूम, फिरंगाण

अर्थपरिवर्तनाचे प्रकार आपण मागील घटकात पाहिले. आता एका विशिष्ट शब्दवर्गाकडे वळू. इंग्रजी कवितेत चीनसाठी 'कॅथे', ब्रिटनसाठी 'अल्बियन', हिंदुस्थानासाठी 'इंड' अशी नावे येतात. नकाशातून ती केव्हाच गेली, कवितेत मात्र राहिली. मराठीतही अशी नावे आहेत. पण आपल्याकडे ती काव्यापेक्षा बखरींत, कागदपत्रांत आणि बाजारात अधिक टिकली.

लोणार तालुक्यातील बीबीच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाशी विलायती चिंच विकायला येते. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. विलायतेशी, म्हणजे इंग्लंडशी, त्याचा संबंध नाही. मग हे विशेषण कसे आले? 'विलायत' हा मूळ अरबी शब्द. अर्थ अधिकार, अधिकाराखालील प्रांत. मोगल काळात इराण-तुराणातून आलेले सरदार आपल्या मायदेशाला विलायत म्हणत. पुढे इंग्रजी अंमलात तोच शब्द इंग्लंडला चिकटला, आणि 'विलायती' म्हणजे परदेशातून आलेले काहीही, असा विशेषणाचा अर्थविस्तार झाला. गंमत अशी की, हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी 'बिलायती' हा उच्चार उचलला, त्याचे 'ब्लायटी' केले, आणि पहिल्या महायुद्धात खंदकातील इंग्रज सैनिक आपल्या मायभूमीला याच नावाने हाक मारू लागले. परक्यांनी दिलेले नाव घरच्यांचे झाले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सतराव्या शतकातील कागदात 'विलायतेहून घोडे आले' अशा आशयाचा मजकूर आढळला, तर त्याचा अर्थ इंग्लंडहून असा करू नये. 'रूम' या शब्दाबाबतही अशीच फसगत होते. रूम म्हणजे मुळात रोम खरेच. परंतु अरबांच्या दृष्टीने रोमचे साम्राज्य म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे. तो मुलूख तुर्कांकडे गेला तरी नाव बदलले नाही. जलालुद्दीन रूमी हा कवी म्हणून रूमी. बखरकार 'रूमशाम' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तुर्कस्तान आणि सीरिया असतात. इटलीचा तेथे संबंध नाही. उत्तरपत्रिकांत मी ही चूक अनेकदा पाहिली आहे. संदर्भ न पाहता केवळ ध्वनिसाम्यावर विसंबल्याचा तो परिणाम.

'फिरंगी' शब्दामागे फ्रँक ही जर्मानिक जमात आहे. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी साऱ्या पश्चिम युरोपीयांना तेच नाव दिले. फारसीमार्गे ते आपल्याकडे आले आणि येथे प्रथम पोर्तुगिजांना लागले. 'फिरंग' ही सरळ पात्याची तलवार, 'फिरंगरोग' हा भावप्रकाशातील व्याधी, आणि 'फिरंगाण' हा साष्टी-वसईकडील पोर्तुगिजांचा मुलूख. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा हे फिरंगाण मराठ्यांकडे आले. पाहा, जमात फ्रान्सच्या बाजूची आणि तिच्या नावाचा 'देश' मुंबईच्या उंबरठ्यावर!

'हबसाण'ही असेच जवळ आले. हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. पण मराठीत हबसाण म्हणजे सिद्दीचे जंजिरा संस्थान. बीबीहून जवळच असलेल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवांनी ज्या निजामशाहीची चाकरी केली, तिचा कारभार पुढे मलिक अंबर या हबशी वजिराने हाकला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा सर्वांत कर्तबगार मुत्सद्दी ठरला; 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. आज मात्र 'हबशी' हा शब्द काळ्या रंगावरून हिणवण्यासाठी वापरला जातो. देशवाचक शब्दाचा हा अर्थापकर्ष. आणि तो शब्दापुरता मर्यादित राहत नाही, हे वर्गात अशी हाक ऐकलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

दूर कशाला म्हणावे, हाही प्रश्नच आहे. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर जालन्याकडचा निजामी मुलूख बीबी परिसरातील माणसांना 'मोगलाई' झाला. अंतर काही कोसांचे, पण कायदा वेगळा, नाणे वेगळे. मोगल बादशाही संपल्यावरही ते नाव 1948 पर्यंत व्यवहारात होते, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यानंतरही ऐकू येई.

आरंभी उल्लेखिलेल्या 'कॅथे'कडे परत येऊ. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या खितान लोकांवरून ते नाव पडले. फारसीत तोच देश 'खता' झाला, आणि 'नानखटाई'तील उत्तरपद कोशकार त्याच्याशी जोडतात. इंग्रजीत जे नाव काव्यात गेले, ते आपल्याकडे बेकरीच्या बरणीत आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील वनस्पती, खाद्यपदार्थ, कापड किंवा हत्यारे यांच्या नावांत दडलेली पाच देशनामे शोधा. प्रत्येक वस्तू खरोखर त्या देशातून आली का, ते तपासा आणि घरातील वयस्क व्यक्तीने सांगितलेला अर्थ शब्दशः नोंदवा.