खानापूरचे मत आणि खानापूरची भाषा

कर्नाटक विधानसभेचे निकाल लागले की सीमाभागाबाहेर राहणारी आपली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, ‘समितीचे किती आले?’ २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळी उत्तर होते, ‘एकही नाही.’ त्यावर पुढचे वाक्य ठरलेले असते, ‘म्हणजे तिकडची मराठी संपत आली.’ निकाल खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र तपासून घ्यायला हवा. त्यासाठी आज खानापूर हा एकच तालुका पाहू.

बेळगावच्या दक्षिणेला, मलप्रभेच्या काठी हे तालुक्याचे लहानसे गाव आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यातली मराठी गावे. पूर्वेला बिडी, इटगीच्या बाजूस कानडीचा वापर अधिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७च्या महाजन अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, पण महाराष्ट्राला द्यावयाच्या २६४ गावांत खानापूर आणि नंदगड यांची नावे होती. तो अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे इथल्या दोन पिढ्यांसाठी महाराष्ट्र एकीकरण समितीला दिलेले मत हे आमदारासाठी कमी आणि सार्वमत म्हणून अधिक होते.

पण एकच मतदार सगळीकडे एकसारखे मत देत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथे भाऊबंद, गल्ली, पाण्याची टाकी आणि रात्री-अपरात्री हाकेला कोण धावतो, हे पाहिले जाते. लोकसभेला तर खानापूर बेळगाव मतदारसंघात नाहीच. ते कारवार-शिरसीसह उत्तर कन्नड मतदारसंघात मोडते. तिथे सीमाप्रश्न मागे पडतो आणि दिल्लीत कोण, हा विचार पुढे येतो. भाषेचा कस लागायचा तो विधानसभेलाच.

तिथला क्रम पाहा. २००८ मध्ये भाजप, २०१३ मध्ये समितीचा उमेदवार, २०१८ मध्ये काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, २०२३ मध्ये भाजपचे विठ्ठल हलगेकर. पक्ष बदलत गेले, पण आमदार मराठी बोलणाराच राहिला. राष्ट्रीय पक्षांनी इथली गोष्ट ओळखली आणि मराठी माणसालाच उमेदवारी दिली. पूर्वी मतदाराला ‘आपली भाषा की सत्तेतला पक्ष’ अशी निवड करावी लागे. ती अडचण उरली नाही. रस्ता, बस, नोकरी, तहसीलदार कचेरीतले काम यांसाठी सत्तेजवळचा आमदार बरा, हा हिशेब तरुण घरांतून उघडपणे मांडला जातो. त्याला गद्दारी म्हणणे सोपे आहे. पण गावात राहून रोज कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्याला ते पटणार नाही.

दुसरे कारण घरातले आहे. २०१८ मध्ये समितीच्या दोन गटांनी दोन उमेदवार उभे केले. आपल्या पद्धतीत निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत, इतरांपेक्षा अधिक पुरतात. समजा, शंभर मतदारांपैकी चाळीस जण समितीचे आहेत. ती मते बावीस आणि अठरा अशी फुटली, तर तीस मते मिळवणारा निवडून येतो. चाळीस माणसे कुठे गेलेली नसतात. निकालात मात्र ती दिसत नाहीत.

म्हणून मतपेटीवरून भाषेची नाडी पाहू नये. ती पाहायची असेल तर मराठी शाळेचा पट पाहावा. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते की, जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात. ते किती पाळले जाते, हे पाहावे. प्रचार मराठीत आणि कागद कानडीत, अशी स्थिती राहिली तर आमदार मराठी असूनही म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. खरे नुकसान हे आहे, आणि ते कोणत्याही पक्षाच्या विजयाने आपोआप भरून येत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. तिथे मराठी टिकली ती मतांच्या बळावर नाही. घर, शाळा आणि वाचनालय यांच्या बळावर टिकली. तेव्हा पुढच्या निकालानंतर खानापूरच्या पाहुण्यांना ‘समितीचे किती आले?’ हे जरूर विचारावे. पण त्याआधी विचारावे, ‘यंदा मराठी शाळेत पहिलीला किती मुले बसली?’