केळं, ऊस आणि ‘नैसर्गिक’ साखर

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडल्यावर कळमनुरी तालुक्यातला वारंगा फाटा लागतो. ऊर्ध्व पैनगंगेच्या पाण्यावर या पट्ट्यात केळीही होते आणि ऊसही. दोन्ही पिकांत शेवटी साखरच भरते. पण ती माणसाच्या पोटात निरनिराळ्या वाटांनी पोचते. वजन उतरवायला निघालेला माणूस मात्र सर्वांत आधी केळं सोडतो आणि चहा चालू ठेवतो.

हिशेब मांडून पाहू. सोललेल्या १०० ग्रॅम पिकल्या केळ्यात साधारण १२ ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम तंतू आणि सुमारे ९० कॅलरी असतात. चहाच्या कपात दोन चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या चार कपांत अशा तीन केळ्यांइतकी साखर जाते. तीन केळी खाल्ल्याचं पोटाला कळतं. चार चहा झाल्याचं कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली, ती ‘मुक्त साखरे’ची. दिवसाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा. पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिला तर आणखी बरं. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं मुक्त साखरेत येतं. अख्ख्या फळातली, भाजीतली आणि दुधातली साखर त्यात धरलेली नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणूनच फसवा आहे. गूळ आणि मध नैसर्गिक असूनही मर्यादेत मोजायचे, केळं मोजायचं नाही.

हा फरक का, याचं एक जुनं उत्तर ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दिलं. त्यांनी दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला, त्याने पोट सर्वांत कमी भरलं आणि इन्सुलिन अधिक चढलं. म्हणजे साखर तेवढीच असली, तरी तिच्याभोवतीची भिंत मोडल्याने फरक पडला.

आपल्याकडे याचा उत्तम दाखला सीताफळ. साखर भरपूर, पण बिया काढत खाताना हात आपोआप सावकाश चालतो. त्याचीच रबडी झाली की बियाही गेल्या आणि वर साखर आली. ऊस दातांनी सोलून खाणारा दोन-चार कांड्यांत दमतो. रसवंतीवर पाव लिटरचा ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो, आणि त्यात तीसेक ग्रॅम साखर असते. शिकरणाचं काय, हे वाचकाने ताडलंच असेल.

भाज्यांतल्या साखरेची भीती तर अगदीच अनाठायी. १०० ग्रॅम गाजरात पाच ग्रॅमही साखर नसते, बिटात सातेक ग्रॅम. शंभर कॅलरी व्हायला पाव किलो गाजरं चावावी लागतील. हलव्याची गोष्ट निराळी! बटाट्याकडे मात्र लक्ष हवं, तेही साखरेसाठी नव्हे, स्टार्चसाठी. कच्च्या केळ्याचंही तसंच: त्यात साखर जवळपास नसते, स्टार्च असतो, आणि पिकताना त्याचीच साखर होते. त्यामुळे कच्च्या केळ्याचे वेफर्स ‘बिनसाखरेचे’ म्हणून खाण्यात अर्थ नाही. तळणीचं तेल पोटात जातंच.

याचा अर्थ फळं हवी तेवढी खावीत, असा नव्हे. रात्रीच्या जेवणावर अर्धा डझन केळी म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी. फळ कशाच्या जागी आलं, हे महत्त्वाचं. डेन्मार्कमध्ये नव्याने मधुमेह निघालेल्या ६३ जणांची चाचणी झाली. निम्म्यांना रोज किमान दोन फळं खायला सांगितली, उरलेल्यांना दोनापेक्षा जास्त नकोत म्हणून बजावलं. बारा आठवड्यांनी साखरेच्या नियंत्रणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता आणि वजन दोघांचंही उतरलं होतं. अर्थात ज्यांची औषधं चालू आहेत, त्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

दिवाळी सरली की कार्तिकी एकादशी येते. त्या दिवशीच्या ताटात १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या साडेतीनशे कॅलरी असतात, शेंगदाण्याचं कूट आणि तूप वेगळं. ‘वजन वाढतं’ म्हणून बाजूला सारलेलं केळं त्याच ताटात नव्वदचं असतं.