उपकारक जंतू : संज्ञा आणि व्यवहार

मराठीत ‘जंतू’ हा शब्द बहुधा रोगाच्या सोबतीनेच येतो. जंतुनाशक, जंतुसंसर्ग, जंतुबाधा या सर्व प्रयोगांत जंतू हा शत्रू होय. संस्कृतात ‘जन्तु’ म्हणजे केवळ जन्मास आलेला प्राणी. म्हणजे या एका शब्दात अर्थसंकोच व अर्थापकर्ष या दोन्ही प्रक्रिया घडलेल्या दिसतात. या अर्थेतिहासाचा गोठ्याशी व खुराड्याशी काय संबंध, अशी शंका वाचकास येईल. संबंध असा की, जनावर निरोगी राखणे म्हणजे त्याच्या शरीरातील जंतू मारणे, ही समजूत शब्दाच्या याच अर्थाशी निगडित आहे, आणि ती व्यवहारात महाग पडलेली आहे.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळून आले की, खाद्यात प्रतिजैविके अल्प प्रमाणात मिसळल्यास कोंबड्या व डुकरे अधिक लवकर वाढतात. ही प्रथा पुढे अनेक देशांत पसरली. परंतु तिच्यामुळे प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची निपज होऊ लागली. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने या धोक्याकडे लक्ष वेधले. स्वीडनने १९८६ मध्ये केवळ वाढीसाठी होणारा हा वापर थांबविला. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून तो पूर्णतः बंद झाला. भारतात कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर २०१९ मध्ये निषिद्ध ठरला. तेव्हा आतड्यातील जंतू मारण्याऐवजी तेथे योग्य जंतूंची वसाहत करून तेच कार्य साधता येईल काय, हा प्रश्न आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही.

अशा उपकारक जंतूंना ‘प्रोबायोटिक’ अशी संज्ञा आहे. लॅटिन उपसर्ग आणि ग्रीक शब्द यांचा हा संकर असून त्याचा अर्थ अनेकदा पालटला आहे. लिली व स्टिलवेल यांनी १९६५ मध्ये तो एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या आणि दुसऱ्याची वाढ करणाऱ्या द्रव्यास लावला. १९७४ मध्ये पार्कर यांनी तो आतड्यातील जंतूंचा समतोल राखणारे जीव आणि द्रव्ये या दोहोंस लावला. १९८९ मध्ये फुलर यांनी ‘द्रव्ये’ वगळून ‘खाद्यातून दिलेले जिवंत सूक्ष्मजीव’ एवढाच अर्थ राखला. २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञमंडळाने तीन गमके निश्चित केली : जीव जिवंत असावा, पुरेशा प्रमाणात दिला जावा आणि धारकास त्याचा लाभ व्हावा. यांपैकी तिसरे गमक विशेष विचारार्ह आहे. उपकारकता हा जंतूचा अंगभूत गुण नव्हे. ती जंतू व जनावर यांच्यामधील संबंधात असते. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण फिनलंडचे. १९७१ मध्ये तेथील मांसल कोंबड्यांत साल्मोनेला इन्फॅन्टिस या जीवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. नुर्मी व रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, नुकत्याच जन्मलेल्या पिलांना प्रौढ कोंबड्याच्या आतड्यातील द्रव्य तोंडावाटे दिल्यास त्या जीवाणूचा शिरकाव बहुतांशी रोखता येतो. याचे कारण असे. कोंबडीखाली उबविलेले पिलू आईच्या सहवासातून तिच्या आतड्यातील जीवाणू मिळविते. यंत्रात उबविलेल्या पिलास तो वारसा लाभत नाही. त्याचे आतडे रिकाम्या घरासारखे असते, आणि जो प्रथम येईल तो तेथे ठाण मांडतो. हितकारक जीवाणू आधी आले म्हणजे ते आतड्याच्या अस्तरावरील जागा अडवितात, अन्नांशात वाटा घेतात आणि आम्ले निर्माण करून इतरांना प्रतिकूल परिस्थिती उत्पन्न करतात. मात्र साल्मोनेलाने आधीच बस्तान बसविले असेल तर या उपायाचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडे ‘सुबाभूळ’ या नावाने परिचित असलेल्या झाडाचे. त्याचा पाला प्रथिनयुक्त असला तरी त्यात मिमोसिन नावाचे विषारी अमिनो आम्ल असते. कोठीपोटात त्यापासून डीएचपी हे द्रव्य बनते व ते थायरॉइड ग्रंथीच्या कार्यात बाधा आणते. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या गुरांचे केस गळत, गलगंड होई व वाढ खुंटे. हवाई बेटांतील गुरे व शेळ्या मात्र तोच पाला निर्धास्तपणे खात. हा भेद जनावरांचा नसून त्यांच्या कोठीपोटातील जीवाणूंचा असावा, असे अनुमान रेमंड जोन्स यांनी १९८१ मध्ये मांडले. पुढे हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांत वसविण्यात आले आणि ती जनावरे डीएचपीचे विघटन करू लागली. या यशाचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये त्या जीवाणूस सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव देण्यात आले.

पहिल्या उदाहरणात जीवाणू जागा अडवितात. दुसऱ्यात ते जनावरास स्वतः न जमणारे काम करतात. तथापि तत्त्व एकच. प्रौढ कोंबडीस नुर्मींचा उपाय बहुधा अनावश्यक, आणि सुबाभूळ न खाणाऱ्या गाईस जोन्स यांचा जीवाणू निरुपयोगी. भाषेतील पदाचे मूल्य जसे त्याच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, तसेच जंतूचेही. म्हणून ‘या भुकटीने सर्व जनावरे निरोगी होतात’ असे विधान ऐकताच तीन प्रश्न विचारावेत : कोणता जीवाणू, कोणत्या जनावरास व कोणत्या वयात?

व्यवहारातील अडचणीही याच संबंधातून उद्भवतात. खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या उष्णतेत पुष्कळ जीवाणू मरतात, म्हणून तेथे बीजाणू निर्माण करणाऱ्या बॅसिलस जातींचा उपयोग करतात. त्याच खाद्यात प्रतिजैविक असेल तर तेही या जीवाणूंना मारू शकते. शिवाय निवडलेल्या जीवाणूत प्रतिजैविकास दाद न देण्याची जनुके असल्यास ती इतर जंतूंकडे संक्रमित होण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या अनर्थापासून सुटका हवी, तोच मागल्या दाराने परत येईल. यासाठी वापरापूर्वी प्रत्येक वाणाची स्वतंत्र परीक्षा अवश्य ठरते.

‘जंतू’ या शब्दाचा रूढ अर्थ एखाद्या लेखाने बदलणार नाही, आणि रोगकारक जंतू आहेत हे तर खरेच. परंतु गोठ्यातील जनावर हे एकटे नसून असंख्य जीवांची वस्ती आहे, एवढे ध्यानी घेतले तर औषधाची मात्रा ठरविताना मारण्याइतकाच राखण्याचाही विचार होईल.