दुर्मीळ पक्ष्याची वर्दी : कोणाला, केव्हा आणि किती

दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी एके काळी पत्रांतून, पक्षिमित्रांच्या गाठीभेटींतून किंवा १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातील छोट्याशा टिपणातून पसरत असे, आणि ते टिपण छापून वाचकाच्या हाती पडेपर्यंत तो पक्षी आपल्या वाटेने केव्हाच निघून गेलेला असे. मोबाइल फोनने हे अंतर काही मिनिटांवर आणले आहे. पक्षी समोरच्या फांदीवर बसलेला असतानाच त्याचे छायाचित्र आणि नकाशावरील नेमका बिंदू, म्हणजे पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यातले ‘लोकेशन’, शेकडो अनोळखी लोकांपर्यंत जाऊ शकते. या वेगाचा लाभ खरा आहे; एरवी एकट्याच्या वहीत राहिली असती अशी नोंद अनेकांच्या डोळ्यांखालून जाते, तपासली जाते आणि अभ्यासाच्या कामी येते. मात्र प्रत्येक दुर्मीळ पक्ष्याची वर्दी एकाच पद्धतीने, एकाच घाईने देण्याची जी सवय या वेगाबरोबर लागली आहे, ती पक्ष्यांच्या मुळावर येणारी आहे.

हा प्रश्न किती जवळचा आहे ते रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, सहज समजते. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे पहिले स्थानक पळसदरी हे आहे. बोरघाटाच्या पायथ्याचा हा भाग, त्यातील तलाव, पावसाळ्यात वाहू लागणारे ओढे, डोंगरउतारावरचे पानझडी जंगल, भातखाचरे आणि ठाकूर व कातकरी समाजांच्या वाड्या, हे सारे मुंबईहून लोकलने दोन-अडीच तासांच्या टप्प्यात येते. शनिवारी संध्याकाळी एखाद्या व्हॉट्सॲप गटावर लोकेशन पडले, तर रविवारी पहाटेच्या गाडीने कॅमेरे घेऊन निघालेली मंडळी सकाळी त्या ओढ्यावर हजर होऊ शकतात. घाटमाथ्यावरच्या किंवा मेळघाटातल्या पक्ष्याला प्रवासाच्या अडचणीचे जे आपोआप संरक्षण मिळते, ते पळसदरीच्या पक्ष्याला मिळत नाही. पर्यटकांच्या गर्दीमुळे या दोन तालुक्यांतील धबधबे आणि धरणे यांवर पावसाळ्यात बंदी आदेश काढण्याची वेळ प्रशासनावर अनेकदा आलेली आहे, यावरून या भागावर मुळातच किती ताण आहे याची कल्पना यावी.

वर्दीची यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या सहकार्याने २००२ मध्ये ‘ईबर्ड’ ही नोंदप्रणाली सुरू केली. निरीक्षक आपण किती वेळ, कोठे फिरलो आणि कोणते पक्षी किती संख्येने पाहिले याची यादी, म्हणजे ‘चेकलिस्ट’, तीत भरतो. त्या प्रदेशात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी यादीत आला की प्रणाली त्याला खूण करते आणि स्थानिक जाणकार स्वयंसेवक, ज्यांना ‘रिव्ह्यूअर’ म्हणतात, ती नोंद तपासतात. याच माहितीतून देश, राज्य किंवा जिल्हा यांनुसार दुर्मीळ नोंदींची वर्दी मागणाऱ्यांना ती ई-मेलने तासातासाला किंवा दिवसातून एकदा पाठवली जाते. तपासणी व्हायची असेल, तर तसा शेराही तिच्यावर असतो. व्हॉट्सॲपवरील गटांत यांपैकी कोणतीच चाळणी नसते. तेथे खात्रीची नोंद आणि अंदाज एकाच सुरात पुढे ढकलले जातात, आणि एकदा पुढे गेलेला संदेश मूळ लिहिणाऱ्याला परत घेता येत नाही.

दुर्मीळ म्हणून ज्यांची वर्दी जाते, त्या पक्ष्यांत दोन अगदी वेगळ्या अवस्था एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली अवस्था वाट चुकून आलेल्या पाहुण्याची. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांमुळे भर समुद्रावर राहणारे पक्षी कोकण किनाऱ्यावर, कधी कधी आतल्या भागातील जलाशयांवरही, लोटले जातात. ‘मास्क्ड बूबी’सारखे समुद्रपक्षी थकून किनाऱ्यावर पडल्याच्या घटना कोकणात घडलेल्या आहेत. असा पक्षी उद्या पळसदरीच्या तलावावर उतरला, तर त्याची बातमी ताबडतोब आणि नेमक्या ठिकाणासह देण्यात सहसा नुकसान नाही. तो तेथे घरटे करणार नाही, एक-दोन दिवसांत निघून जाईल, आणि त्याला जितके अधिक जाणकार पाहतील तितकी नोंद पक्की होईल. तो जखमी असेल, तर वर्दीमुळेच वनविभागाची किंवा प्राणिमित्रांची मदत वेळेवर पोहोचेल. येथे घाई हा गुण आहे.

दुसरी अवस्था घरट्यावर असलेल्या पक्ष्याची, आणि तिचे उत्तम उदाहरण म्हणजे तिबोटी खंड्या. जांभळ्या-निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा आणि लालभडक चोचीचा हा पक्षी आकाराने चिमणीएवढाच असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर तो कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी विणीसाठी येतो, आणि ओढ्याकाठच्या किंवा पायवाटेलगतच्या मातीच्या उभ्या कडेत नर व मादी मिळून बोगद्यासारखे आडवे बीळ खोदतात. पिल्ले झाल्यावर आई-बाप दिवसभर खेपा घालतात; चोचीत कधी सापसुरळी, कधी ओढ्यातला छोटा खेकडा, बेडूक किंवा कोळी असतो. या खेपांत एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बिळासमोर माणसे उभी असली की भक्ष्य घेऊन आलेला पक्षी थेट आत शिरत नाही. तो जवळच्या फांदीवर बसतो, मान वर-खाली करतो, उडतो, पुन्हा येतो आणि चोचीतला घास तसाच धरून ठेवतो. फांदीवरचा हा क्षण छायाचित्रकाराला सर्वांत हवासा असतो, कारण रंग, भक्ष्य आणि ओले हिरवे रान एकाच चौकटीत मिळते. आत बिळातल्या पिल्लांसाठी मात्र तो चुकलेल्या खेपेचा क्षण असतो. पाच माणसे अर्धा तास उभी राहिली, ती गेल्यावर दुसरी पाच आली, असे सकाळभर चालले, तर त्या दिवसाच्या किती खेपा वाया जातील याचा हिशेब वर्दी देणाऱ्याने मनाशी करायला हवा. त्यात चांगल्या चौकटीसाठी बिळासमोरची फांदी मोडणे किंवा सोयीची काठी रोवणे, पक्ष्याला समोर आणण्यासाठी फोनवर त्याचाच आवाज वाजवणे, म्हणजे ‘कॉल प्लेबॅक’, आणि काठावरची ओली माती पायांनी ढासळवणे, हे प्रकार जोडले की पूर्ण वीण उधळली जाऊ शकते.

कायद्याने ही बाब स्पष्ट केलेली आहे, तरी पक्षिनिरीक्षकांत तिचा उल्लेख फारसा होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करण्याबरोबरच अंड्यांना किंवा घरट्याला व्यत्यय आणणे याचाही समावेश आहे. हातात बंदूक असण्याची त्यासाठी गरज नाही. घरट्याचे लोकेशन गटावर टाकणारा स्वतः त्या घरट्याजवळ गेलेला नसेलही, पण पुढे जे घडते त्याची नैतिक जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

यावर ईबर्डने केलेली एक व्यवस्था उपयुक्त, परंतु अपुरी आहे. शिकार, पकड किंवा गर्दी यांमुळे धोक्यात येणाऱ्या काही जातींना तेथे ‘संवेदनशील’ मानले जाते. त्यांच्या नोंदी सार्वजनिक नकाशावर वीस किलोमीटर लांब व वीस किलोमीटर रुंद अशा चौकोनापुरत्याच दिसतात आणि त्यांची वर्दीही जात नाही. ही यादी जातींची असते, तर पुष्कळ पक्ष्यांचा धोका जातीपेक्षा ऋतूशी बांधलेला असतो. वर्षातील आठ महिने ज्याच्या नोंदीने काहीच बिघडणार नाही असा पक्षी जून ते सप्टेंबर या काळात घरट्यावर असताना पूर्णपणे उघडा पडतो, आणि हा फरक संगणकाच्या यादीपेक्षा समोर उभ्या असलेल्या निरीक्षकालाच आधी दिसतो. म्हणून निर्णयही त्यानेच घ्यावयाचा आहे. त्याच्या हाती ठिकाण, वेळ आणि श्रोता या गोष्टी आहेत, आणि त्या स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात. ठिकाण ओढ्याच्या वळणाऐवजी ‘कर्जत तालुका’ एवढेच सांगता येते. वेळ पुढे ढकलता येते. पिल्ले उडून गेल्यावर जुन्या तारखेची यादी भरली, तरी अभ्यासासाठी तिचे मोल तेवढेच राहते, कारण पक्षी कधी दिसला ती तारीख कायम असते. श्रोताही निवडता येतो; नेमका बिंदू वनविभागाला आणि नोंद तपासणाऱ्या जाणकाराला द्यावा, आणि गटावर तो देऊ नये. घरट्यावरचा पक्षी तेवढा गाळून उरलेली यादी ‘पूर्ण’ म्हणून भरणे मात्र योग्य नाही, कारण तिच्या आधारे संख्येचा अभ्यास करणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होते. त्यापेक्षा सबंध यादीच थांबवून ठेवावी किंवा सार्वजनिक दृष्टीपासून लपवून भरावी.

लपवणे आणि खोटे सांगणे यांत किती अंतर आहे, याचा धडा महाराष्ट्रातील पक्षिविज्ञानाला एका घुबडाने दिलेला आहे. वन पिंगळा या छोट्या घुबडाचे एकोणिसाव्या शतकात, १८८४ पर्यंत, गोळा केलेले अवघे सात नमुने संग्रहालयांत होते, आणि त्यानंतर तो कोणाला दिसलाच नाही. मधल्या काळातला एकच पुरावा सांगितला जात होता, तो म्हणजे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचा दावा केलेला नमुना. पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचा जुना नमुना संग्रहालयातून चोरून, त्याची डागडुजी करून, त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. ती खोटी जागा बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, अस्सल नोंदींच्या ठिकाणांजवळ शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ वन पिंगळा पुन्हा दिसला. एका खोट्या ठिकाणाने शोधाची दिशा कित्येक दशके चुकवली होती. गर्दीला चकवण्यासाठी नकाशावर मुद्दाम दुसऱ्याच ओढ्यावर खूण करणारे निरीक्षक आजही आढळतात. त्यांचा हेतू चांगला असला, तरी ती खूण पुढे नोंद म्हणून टिकते आणि हेतू कोणाला दिसत नाही. ठिकाण ढोबळ सांगावे किंवा सांगूच नये, पण चुकीचे कधीही सांगू नये.

हाच वन पिंगळा २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या अगदी शेजारी, नोंदला गेला. अशा शोधाची वार्ता दडवून ठेवणे शक्यही नसते आणि इष्टही नसते, कारण जंगल वाचवण्याच्या मागणीला तीच बळ देते. त्यामुळे गुप्तता हे सर्व प्रसंगांवरचे उत्तर मानणे चुकीचे ठरेल. स्कॉटलंडमधील लॉक गार्टन येथील उदाहरण या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील जलाशयांवर हिवाळ्यात दिसणारा मासेखाऊ शिकारी पक्षी कैकर, म्हणजे ऑस्प्रे, ब्रिटनमधून नाहीसा होऊन १९५४ च्या सुमारास तेथे परतला होता. त्याचे घरटे गुप्त राखून पहारा ठेवण्यात आला, तरी १९५८ मध्ये अंडीचोराने ते लुटलेच. त्यावर जॉर्ज वॉटरस्टन यांनी १९५९ मध्ये उलटा निर्णय घेतला. घरट्याची जागा जाहीर केली, दूर अंतरावर निरीक्षणाची जागा बांधली, रात्रंदिवस राखण ठेवली आणि लोकांना बोलावले. त्या एका हंगामात सुमारे चौदा हजार लोक आले आणि पिल्लेही सुखरूप उडाली. येथे ठिकाण जाहीर होण्याआधी राखणदार, दुर्बिणी आणि अंतराची मर्यादा तयार होती, हा क्रम विसरता कामा नये.

पळसदरीच्या ओढ्यावर असा राखणदार नाही, असे शहरातून येणारा सहज म्हणेल. पण वाडीतल्या माणसाला तो ओढा, ती कड आणि दर पावसाळ्यात तेथे येणारा पक्षी बहुधा त्याच्या आधीपासून ठाऊक असतो. गुरे नेणारा ठाकूर मुलगा किंवा खेकडे धरायला गेलेली कातकरी बाई यांनी पाहिलेले कोणत्याही चेकलिस्टमध्ये आलेले नसते इतकेच. तरीही वर्दी सर्वप्रथम मुंबई-पुण्याच्या गटावर जाते आणि ज्यांच्या बांधावरून, परड्यातून गर्दी जाणार, त्यांना ती गाड्या उभ्या राहिल्यावर समजते. हा क्रम अन्यायाचा आहे. घरटे सापडल्यावर वाडीतल्या माणसांशी बोलणे, त्यांची परवानगी घेणे आणि पक्षी दाखवण्याचे काम, त्याच्या मोबदल्यासह, त्यांच्याकडे सोपवणे हे गटावर टाकण्याच्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल, कारण मग एका वेळी किती माणसे आणि किती अंतरावर, हे जागेवर हजर असलेला माणूस ठरवील.

गट चालवणाऱ्यांना यातून एक साधी रीत घालून देता येईल. “पळसदरी तलाव, सकाळी साडेसात, धरणाच्या भिंतीवर समुद्रपक्षी, थकलेला, ओळख पक्की नाही, फोटो सोबत” हा संदेश चांगला आहे. त्यात वेळ आहे, जागा आहे, पक्ष्याची अवस्था आहे आणि खात्री किती याची प्रामाणिक कबुली आहे. “कर्जत तालुक्यात तिबोटी खंड्याची वीण सुरू, घरटी शोधू नयेत, ठिकाण विचारू नये” हाही संदेश तितकाच पूर्ण आहे. त्यावर कोणी ठिकाण विचारलेच, तर खासगीतही ते देऊ नये, कारण खासगीत दिलेले ठिकाण दुपारपर्यंत दुसऱ्या गटावर असते. छायाचित्र पाठवताना फोनने त्यात जागेचे आकडे आपोआप साठवलेले असू शकतात, आणि चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ते सोबत जातात, म्हणून फोनच्या कॅमेऱ्यातील लोकेशनची सोय बंद ठेवावी. घरट्यावरचे छायाचित्र स्वीकारायचेच नाही, असे गटाने ठरवले तर लोकेशन मागण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

येत्या पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या ओढ्यांवर जाणाऱ्या पक्षिमित्रांनी घरटे दिसताच मागे सरावे, नोंद वहीत करून ठेवावी, जवळच्या वाडीत आणि वनविभागाला सांगावे, आणि ईबर्डवरील यादी ऑक्टोबरमध्ये भरावी.