विमानांतील वीज आटूं लागली तर?

लहान विमानाची बॅटरी भरण्याचें काम उड्डाणांत थांबलें, तर इंजिनही बंद पडेल असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. सेस्ना १७२ मध्यें इंजिनास ठिणगी मॅग्नेटो पुरवितात. त्यांस बॅटरी लागत नाहीं. बंद पडतात तीं रेडिओ, दिवे हीं साधनें. परंतु रात्रीं तेंच प्राणांवर बेतूं शकतें. म्हणून अँमीटरचा कांटा उणे बाजूस झुकलेला राहिल्यास वैमानिकानें अनावश्यक भार बंद करून जवळचा विमानतळ गांठावा.

खालीं उतरल्यावर मात्र अल्टरनेटर बदलण्याची घाई नको. प्रथम पट्टा सैल आहे काय, तारांचे सांधे ढिले वा गंजलेले आहेत काय, हें पाहावें. मग इंजिन चालू असतां व्होल्टमीटर वाचावा. २४ व्होल्टच्या बॅटरीस सुमारें २८ व्होल्ट मिळाले पाहिजेत. महाग यंत्रास दोष देण्यापूर्वीं साधा सांधा तपासावा, इतकेंच आमचें सांगणें.