करवंदाची जाळी, आपल्या कुंपणाला

भिवंडीहून वज्रेश्वरीला जाताना ज्या जाळीतली करवंदं मी लहानपणी खाल्ली, तिथे आता गोदाम उभं आहे. म्हटलं, आपणच लावू.

आधी ओळख पटवा. पानं समोरासमोर, काटे जोडीने, पान तोडलं की पांढरा चीक. चीक कण्हेरीलाही असतो, पण ती विषारी, आणि तिला काटे नसतात. शंका असेल तर तोंडात टाकू नका.

मे महिन्यात काळीभोर, पिकलेली करवंदं घ्या. बिया धुवून लगेच पेरा. ठेवून दिल्या तर उगवत नाहीत. फांदी सहसा मूळ धरत नाही. रानातली जाळी मात्र उपटू नका, मूठभर फळं पुरेत. फळाला दोन-तीन वर्षं तरी थांबावं लागेल हं!